कड्यावर ट्रायपॉड लावताना या चुका टाळा

पावसाची उघडीप मिळाली की नाशिकचे कॅमेरे त्र्यंबक रस्त्याला लागतात. अंजनेरी, ब्रह्मगिरी, पुढे हरिहर, सगळे कड्यांचे डोंगर. फोटो बिघडण्याची कारणं मात्र सगळीकडे तीच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ट्रायपॉड पार धारेवर नेऊन लावणं. तिथून दरी दिसते, कडा दिसत नाही. खालची भातखाचरं, धुकं, लांबचे डोंगर सगळं चपटं येतं. तीन-चार पावलं मागे या, ट्रायपॉड कमरेइतका खाली घ्या आणि धारेचा काळा कातळ फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात येऊ द्या. आता बघणाऱ्याच्या पोटात गोळा येईल, कारण जमीन कुठे संपते ते त्याला दिसतंय. शिवाय ऑगस्टात गवत दरीवर झुकलेलं असतं. पाय ठेवाल तिथे खाली कातळ असेलच असं नाही. आणि डोळा कॅमेऱ्याला लावून पाऊल टाकू नका, एकही नाही. जागा बदलायची तर आधी मान वर, मग पाय.

ट्रायपॉड हलतोय? आधी पायाखाली बघा. भिजलेलं गवत स्पंजासारखं दबतं, मुरूम सरकतो. गवत बाजूला करून टोक कातळावर टेकवा. उतार दरीकडे असेल तर दोन पाय उताराकडे, एक आपल्याकडे. या तिसऱ्या पायात आपलाच पाय अडकतो, तेव्हा त्याच्या बाजूला उभे राहा. पायांचे जाड भाग आधी उघडा. मधली दांडी वर काढायचा मोह टाळा, वाऱ्यात सगळी थरथर तिथेच होते.

वाऱ्याची गोष्ट माझ्या अंगावर आलेली आहे. अंजनेरीच्या पठारावर वजन हवं म्हणून मी बॅग ट्रायपॉडच्या हुकाला टांगली. पश्चिमेचा वारा कड्याला आपटून वर येत होता, बॅग झोके घेत होती आणि तिच्यासोबत ट्रायपॉडही. स्क्रीनवर फोटो छान दिसले. घरी मोठे करून पाहिले तर ब्रह्मगिरीच्या कडेला दुहेरी रेघ! बॅग टांगायचीच तर तिचा तळ जमिनीला टेकलेला हवा. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा, तोही फडफडतो. आणि प्रत्येक फोटो तिथेच झूम करून तपासा.

बटण बोटाने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. ट्रायपॉड स्थिर असेल तर हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन बंद. सगळं स्पष्ट यावं म्हणून लेन्सचं छिद्र एफ २२ इतकं बारीक केलंत तर डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे, चित्र उलट धूसर येतं. एफ ८ ते ११ पुरे. आकाश पांढरं होत असेल तर वेगवेगळ्या एक्स्पोजरचे, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे, तीन फोटो घ्या.

धुकं आलं की काचेवर बारीक थेंब बसतात. कड्यावर ते खालूनही येतात, छत्री कामाची नाही. कोरडं सुती फडकं खिशात, बॅगेत नको.

अंजनेरीवर आणखी एक जपायचं. सेरोपेजिया अंजनेरिका ही नाजूक फुलं जगात फार थोड्या ठिकाणी उगवतात, आणि पावसाळ्यात ती गवतातच असतात. ट्रायपॉड टेकवण्याआधी वाकून बघा.

आवरताना आधी कॅमेरा काढून बॅगेत, मग ट्रायपॉड मिटा. सूर्यास्तासाठी थांबणार असाल तर बॅटरी कपाळाला बांधायची घ्या, उतरताना दोन्ही हात लागतात.