जुना ट्रॅक्टर घरच्या घरी चालता करताना

पुणे जिल्ह्यातील हवेली, मुळशी, मावळ किंवा खेड तालुक्यातील पुष्कळ घरांच्या मागील अंगणात एखादा जुना ट्रॅक्टर वर्षानुवर्षे उभा असलेला दिसतो. जमिनीचा बराचसा भाग प्लॉटिंगमध्ये गेलेला असतो आणि उरलेल्या शेताची नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. पण वाडवडिलांनी घेतलेले यंत्र भंगारात देण्यास कोणाचे मन धजत नाही. असा ट्रॅक्टर घरच्या जागेत पुन्हा चालता करणे शक्य आहे. त्यासाठी मोठ्या गॅरेजपेक्षा कामाचा योग्य क्रम अधिक महत्त्वाचा असतो. उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात सगळे भाग सुटे करून पोत्यांत भरले, की पुढे कोणता बोल्ट कोठला हे कोणालाच सांगता येत नाही आणि काम तेथेच थांबते. म्हणून एका वेळी एकच विभाग उघडावा, तो पूर्ण करावा आणि मगच पुढच्या विभागाला हात लावावा. रंगाचे काम कितीही खुणावत असले तरी ते अखेरीस ठेवावे.

पान्याला हात लावण्यापूर्वी कागदपत्रे पाहावीत. मोटार वाहन कायद्यानुसार शेतीचा ट्रॅक्टर हे बिगर-परिवहन वाहन धरले जाते. त्याची नोंदणी 15 वर्षे वैध असते आणि त्यानंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आरसी बुकावरील चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक यंत्रावरील क्रमांकांशी जुळतात की नाही, हे वायर ब्रशने गंज काढून प्रत्यक्ष वाचावे. जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन मधल्या काळात बदललेले असणे अगदी सामान्य आहे, परंतु तो बदल आरटीओकडे नोंदवलेला नसेल तर पुढे अडचण येते. नोंदणी आजोबांच्या नावावरच राहिली असेल तर वारसाच्या नावे हस्तांतर करून घेण्याचे कामही याच वेळी सुरू करावे, कारण त्याला यंत्राच्या दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो.

आपला ट्रॅक्टर कोणत्या घराण्यातला आहे, यावर सुट्या भागांची आणि हत्यारांची सगळी गणिते अवलंबून असतात. 1963 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाचा बी-275, म्हणजे पुढे महिंद्रा नावाने परिचित झालेला ट्रॅक्टर, तसेच टॅफे या कंपनीचा मॅसी फर्ग्युसन 1035, हे मूळच्या ब्रिटिश आराखड्यांवर बेतलेले आहेत आणि त्यांच्या जुन्या यंत्रांवर इंची मापाचे नट-बोल्ट सापडतात. याउलट 1971 पासून पिंजोरला बनू लागलेला एचएमटी झेटर चेकोस्लोव्हाक आराखड्याचा असल्याने तेथे मिलिमीटरचे पाने चालतात. ही बाब क्षुल्लक वाटते, पण 9/16 इंची बोल्टाला 14 चा पाना बसत नाही आणि 15 चा लावला तर तो ढिला बसून बोल्टाचे कोपरे झिजवतो. एकदा कोपरे गोल झाले की छिन्नी आणि वेल्डिंगशिवाय गत्यंतर राहत नाही. त्यामुळे इंची रिंग पान्यांचा एक संच, फिलर गेज (बारीक फट मोजण्याच्या पात्या), टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना), दोन दणकट जॅक आणि चार घोड्या (वजन पेलणारे लोखंडी स्टँड) एवढी सामग्री आधी जमवावी. हत्यारे पुण्यात बोहरी आळीत मिळतात, आणि चिकाटी असेल तर रविवारी व बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात चांगले जुने पाने हाती लागतात. सुट्या भागांसाठी मात्र चाकण, मंचर, शिरूर किंवा बारामतीसारख्या मोठ्या गावांतील ट्रॅक्टरची दुकाने अधिक उपयोगी पडतात, कारण तेथील दुकानदार जुना भाग हातात घेऊनच मॉडेल ओळखतात. बी-275 आणि 1035 चे भाग अजूनही सहज मिळतात. झेटरसाठी जास्त शोध घ्यावा लागतो.

आता इंजिनाकडे वळू. बरीच वर्षे उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला बॅटरी जोडून थेट सेल्फ मारणे किंवा गिअरमध्ये टाकून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढणे, हे दोन्ही प्रकार टाळावेत. पिस्टनच्या रिंगा लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, गंजून चिकटलेल्या असतील तर त्या झटक्याने रिंगा तुटतात आणि कनेक्टिंग रॉडही वाकू शकतो. त्याआधी ऑइल काढून पाहावे. ते दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. हेड गॅस्केट, लायनरच्या खालच्या रबरी रिंगा किंवा हेडमधील चीर, यांपैकी एक कारण बहुधा निघते. त्यानंतर सर्व नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण ओतावे आणि ते काही दिवस मुरू द्यावे. मग क्रँक पुलीच्या बोल्टावर लांब दांड्याचा पाना लावून, किंवा फ्लायव्हीलच्या दात्यांवर पहारीचा आधार घेऊन, इंजिन पुढे-मागे अगदी थोडे हलवावे. जोर वाढवण्यापेक्षा मिश्रण पुन्हा ओतून थांबणे केव्हाही श्रेयस्कर. एवढे करूनही ते हलले नाही, तर हेड आणि चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) उघडून पिस्टन बाहेर काढावे लागतात.

नोझल काढताना एक गोष्ट बारकाईने पाहावी. नोझलच्या खाली तांब्याची एक वॉशर असते. बरेचदा नोझल बाहेर येते, पण वॉशर काजळीने काळी पडून भोकाच्या तळाशी चिकटून राहते आणि हेडचाच भाग असल्यासारखी दिसते. टॉर्चच्या उजेडात पाहून आणि टोकदार तारेने खरवडून ती काढली नाही, तर नवी वॉशर जुनीवर बसते, नोझलचे टोक ठरलेल्या जागेपेक्षा वर राहते, आणि मग नवी नोझल घालूनही काळा धूर का येतो याचा उलगडा होत नाही.

डिझेल पंप घरी उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पंपातील भाग मायक्रॉनच्या मापात बसवलेले असतात आणि त्यांची चाचणी कॅलिब्रेशनच्या यंत्रावरच होते. पंप काढण्यापूर्वी त्याच्या फ्लँजवर आणि इंजिनावर छिन्नीने जुळणारी खूण करावी, म्हणजे टायमिंग जागेवर राहते. मग पंप आणि नोझल दोन्ही एकत्रच पंप-नोझलच्या कारागिराकडे द्यावेत. क्रँक ग्राइंड करणे, लायनर बसवणे, हेडचे तोंड सपाट करणे आणि व्हॉल्व्ह सीट कापणे ही कामेही भोसरी परिसरातील इंजिन रिबोरिंगच्या लेथवाल्यांकडूनच करून घ्यावीत. माप घेताना आपण तेथे उभे राहावे. क्रँकचे बेअरिंग कोणत्या अंडरसाइझचे, म्हणजे घासून बारीक झालेल्या क्रँकच्या कोणत्या मापाचे, लागणार हे लेथवाल्याकडून लिहून घ्यावे आणि मगच ते विकत घ्यावे.

डिझेलची टाकी हे दुर्लक्षित राहणारे ठिकाण. तळाशी साचलेले पाणी, गंज आणि शेवाळासारखा चिकट गाळ यांमुळे नवा फिल्टरही काही तासांत चोंदतो. टाकी उतरवावी, आत मूठभर नट आणि थोडे डिझेल घालून ती हलवावी आणि बाहेर येणारे डिझेल स्वच्छ दिसेपर्यंत हे करावे. टाकीला भोक असेल तरी तिच्यावर घरी वेल्डिंग करू नये. रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते. रेडिएटरही उलट दिशेने पाणी सोडून धुवावा. आपल्याकडील बोअरचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे ओतले गेल्याने त्याच्या नळ्या पांढऱ्या थराने बुजलेल्या असतात. पुढे कूलंट मिसळलेले पाणीच वापरावे.

सर्व जोडणी झाल्यावर हवा काढण्याचे काम येते. डिझेलच्या मार्गात हवेचा बुडबुडा राहिला तर इंजिन फिरते, पण पेटत नाही. आधी फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंपाने डिझेल ढकलावे, फेस थांबून सलग धार आली की स्क्रू आवळावा. मग तेच पंपावरील स्क्रूवर करावे. शेवटी नोझलकडील पाइपांचे नट सैल ठेवून इंजिन फिरवावे आणि डिझेल उसळू लागताच नट आवळावेत. या वेळी बोट कधीही धारेसमोर धरू नये. नोझलमधून निघणारे डिझेल कातडीला भोक पाडून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालयात जावे लागते.

पहिल्यांदा सुरू करताना दोन माणसे असावीत. स्टॉपची दांडी ओढलेली ठेवून ऑइलचा काटा वर येईपर्यंत इंजिन आधी फिरवावे. दुसऱ्या माणसाच्या हाती एक सपाट फळी द्यावी. इंजिन आवरेनासे झाले आणि स्टॉपलाही दाद देत नसेल, तर हवेच्या तोंडावर फळी दाबून ते बंद करता येते; तेथे हात लावायचा नाही. चालकाने सीटवर बसून, गिअर न्यूट्रल असल्याची खात्री करूनच सेल्फ मारावा. खाली चाकाजवळ उभे राहून स्क्रूड्रायव्हरने स्टार्टरची टर्मिनल जोडणे ही आपल्याकडची फार जुनी आणि जीवघेणी सवय आहे. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो सुरू होताच मागचे चाक उभ्या माणसावरून जाते. सुरुवातीला थोडा पांढरा धूर येतो आणि इंजिन गरम झाल्यावर तो ओसरतो. निळा धूर टिकून राहिला तर ऑइल जळते आहे. काळा राहिला तर हवा कमी पडते आहे किंवा डिझेल जास्त जाते आहे.

क्लच घसरत असेल तर ट्रॅक्टर मधून दोन भागांत उघडावा लागतो आणि या सगळ्या कामातला हाच खरा धोक्याचा टप्पा आहे. सपाट काँक्रीटचा कोबा नसेल तर हे काम अंगणात करूच नये. पुढचा एक्सल मधल्या पिनेवर झुलतो, त्यामुळे सांधा सुटताच इंजिनाचा भाग एका बाजूला कलंडू शकतो. तो कलंडू नये म्हणून एक्सल आणि त्यावरील आधार यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर घट्ट ठोकावी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावावी आणि गिअरबॉक्सखाली घोडी उभी करावी. केवळ जॅकच्या भरवशावर काहीही ठेवू नये. उघडलेच आहे तर क्लच प्लेटबरोबर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचे मागचे ऑइल सील बदलून घ्यावे. सील वाचवून चार पैसे राखले, तर पुन्हा सगळा ट्रॅक्टर उघडण्याची पाळी येते.

ब्रेक उघडताना जुन्या लायनिंगची धूळ फुंकू नये आणि कॉम्प्रेसरने उडवूही नये, कारण त्या काळच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असते. ओल्या फडक्याने पुसून फडके टाकून द्यावे. तेलाने भिजलेली लायनिंग धुऊन वापरता येत नाही, ती बदलावीच लागते, आणि त्याआधी तेल जेथून येते ते एक्सलचे सील बदलावे. रस्त्यावर चालवताना डाव्या-उजव्या पेडलांना जोडणारी कडी शाबूत असली पाहिजे. स्टीअरिंगसाठी पुढचा भाग उचलून चाक वर-खाली आणि आडवे हलवावे. खुळखुळ जाणवली तर किंगपिनचे बुश किंवा टाय रॉडचे बॉल जॉइंट गेलेले असतात. वायरिंग जुने असेल तर डागडुजी न करता नवीन ओढावे. बॅटरी जोडण्यापूर्वी अर्थ, म्हणजे ट्रॅक्टरच्या बॉडीला जोडलेले बॅटरीचे टोक, कोणते आहे हे पाहावे. काही जुन्या ब्रिटिश यंत्रांवर तो पॉझिटिव्हला असतो. लिफ्टची चाचणी सोपी आहे: अवजार उचलून इंजिन बंद करावे आणि ते किती वेगाने खाली बसते ते लांबून पाहावे.

मग रंग. पावसाळ्यातील दमट हवेत पुण्यात रंग नीट वाळत नाही आणि खाली गंज अडकतो, म्हणून दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा कोरडा काळ निवडावा. बॉनेट, मडगार्ड आणि रिम सुटे करून वाळूच्या फवाऱ्याने साफ करून घेता येतात, पण जोडलेल्या ट्रॅक्टरवर तो फवारा मारू नये, वाळू बेअरिंगांत शिरते. चासी क्रमांक आणि कंपनीची पट्टी चिकटपट्टीने झाकावी. मूळ छटा उन्हाने फिकी पडलेली असते. डॅशबोर्डमागे किंवा टाकीखाली जेथे ऊन पोचले नाही, तो तुकडा रंगवाल्याला दाखवावा. लांबीने, म्हणजे पुट्टीने, प्रत्येक खड्डा भरण्याचा अट्टाहास मला पटत नाही. नांगर ओढलेल्या यंत्राच्या मडगार्डवर चार पोचे राहिले तर बिघडत नाही.

इंजिन नवे बांधले असेल तर पहिले काही दिवस रिकामी ट्रॉली किंवा हलकी कुळवणी एवढेच काम द्यावे. खोल नांगरट आणि रोटाव्हेटर नंतर. तसेच ते तासन् तास नुसते रिकामे फिरवतही ठेवू नये, त्याने लायनर चकाकतात आणि रिंगा बसत नाहीत. साधारण 50 तासांनंतर ऑइल व फिल्टर बदलावे, व्हॉल्व्हच्या टॅपेटची फट पुन्हा तपासावी आणि मॅन्युअलमध्ये सांगितले असेल तर हेडचे बोल्ट मध्यापासून बाहेरच्या क्रमाने पुन्हा टॉर्क करावेत. चाकांचे नट मात्र पहिल्याच फेरीनंतर आवळून पाहावेत, कारण नव्या रंगाचा थर नटाखाली दबतो आणि घट्ट वाटणारे चाक सैल होते.