डिस्चार्जनंतरच्या औषधांचं बिल विम्यातून मागताना या चुका टाळा

बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा हॉस्पिटलचं बिल कॅशलेसमध्ये भागलं आणि आम्ही निर्धास्त झालो. पुढे दर महिन्याला औषधं आणायची आणि बिल देव्हाऱ्याखालच्या खणात सारायचं, असं चाललं होतं. डिस्चार्जनंतरच्या औषधांचे पैसेही मागता येतात हे कळलं, तोवर मुदत टळून गेली होती.

पहिली चूक हीच: घरी आलो म्हणजे क्लेम संपला असं समजणं. बहुतेक पॉलिसींमध्ये त्याच आजाराचा भरती होण्याआधीचा आणि नंतरचा काही दिवसांचा खर्च धरलेला असतो. ‘आरोग्य संजीवनी’ या सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींवर मिळणाऱ्या पॉलिसीत आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस. नंतरची बिलं डिस्चार्जनंतरचे उपचार पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत द्यावी लागतात. काही पॉलिसींमध्ये ९० किंवा १८० दिवसही मिळतात. आपल्या पॉलिसीत काय आहे ते डिस्चार्जच्या दिवशीच पाहा आणि शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मग बिलाकडे नीट बघा. कच्चं बिल चालत नाही. पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव, तारीख, औषध, बॅच नंबर हे सगळं छापलेलं पक्कं बिल मागून घ्या आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. आमच्या खणातली निम्मी बिलं थर्मल कागदाची होती. उन्हाळ्यात ती पार कोरी झाली, नुसता केमिस्टचा शिक्का उरला. तेव्हा दुकानातून बाहेर पडतानाच फोटो काढा आणि झेरॉक्स करून ठेवा. आईच्या थायरॉइडच्या गोळ्या आणि टूथपेस्ट त्याच बिलात घालू नका. भरतीच्या आजाराशी संबंध नसलेली औषधं कापली जातात.

आता सगळ्यात काळजीची गोष्ट. ६० दिवस ही विम्याची मुदत आहे, उपचाराची नाही. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बहुधा बरेच महिने, हार्ट अटॅक आला असेल तर साधारण वर्षभर घ्याव्या लागतात. पैसे मिळणं थांबलं म्हणून ६१व्या दिवशी गोळी सोडली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. खर्च झेपत नसेल तर डॉक्टरांना तसं मोकळेपणानं सांगा. तेच औषध जनऔषधी केंद्रात बरंच स्वस्त मिळू शकतं. मात्र बदल डॉक्टरांना विचारूनच करा. पॉलिसीत ओपीडी कव्हर (भरती न होता घेतलेल्या उपचारांचा विमा) असेल तर पुढच्या गोळ्या त्यात बसतात का, हेही विचारा.

पॉलिसी घेताना बीपी, शुगर लपवू नका. १ एप्रिल २०२४पासून जुन्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजाराचे क्लेम मिळत नाहीत तो सुरुवातीचा काळ, ३ वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तेवढं थांबणं परवडतं, लपवलेल्या आजारावरून क्लेम फेटाळला गेला तर परवडत नाही. हप्ताही चुकवू नका. वार्षिक हप्ता भरायला तारखेनंतर ३० दिवसांची जादा मुदत असते. तीही उलटली तर प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजायची वेळ येऊ शकते.

बिल कापलं गेलं तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.