जुन्या स्पिटफायरचा झिजलेला गिअरबॉक्स पुन्हा कसा बांधावा

ट्रायम्फ स्पिटफायर ही १९६२ साली इंग्लंडमध्ये आलेली स्पोर्ट्स कार सोलापुरात क्वचितच दिसेल. परंतु मद्रासमध्ये तयार झालेल्या स्टँडर्ड हेराल्डचा चार गिअरांचा गिअरबॉक्स त्याच घराण्यातला असल्यामुळे पुढील कृती तिच्या मालकांनाही उपयोगी पडेल. स्पिटफायर १५०० चा गिअरबॉक्स मात्र वेगळ्या बांधणीचा आहे, तो येथे विचारात घेतलेला नाही.

खोलण्यापूर्वी गाडी चालवून आवाज नीट ऐकावा, कारण निम्मे निदान तेथेच होते. चौथ्या गिअरमध्ये इनपुट शाफ्ट (इंजिनाकडून येणारा दांडा) आणि मेनशाफ्ट (चाकांकडे जाणारा दांडा) थेट जोडले जातात आणि लेशाफ्टवरील, म्हणजे त्यांच्या खालच्या समांतर दांड्यावरील, गिअरसंच भाराविना फिरतो. त्यामुळे पहिल्या तीन गिअरांत घरघर येऊन चौथ्यात ती विरत असेल तर लेशाफ्टच गेलेला आहे असे धरून चालावे. क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर दोष रिलीज बेअरिंगचा (क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा) असतो आणि गिअरबॉक्स उघडण्याची गरजच नसते. दुसरा गिअर टाकताना ‘कर्र’ होणे म्हणजे सिंक्रो रिंग (गिअर जुळण्यापूर्वी दोघांचा वेग सारखा करणारी पितळी कडी) झिजणे. पहिल्या गिअरला मात्र १९७० च्या मार्क ४ या स्पिटफायरच्या आवृत्तीपूर्वीच्या गाड्यांत सिंक्रो नव्हतेच, तेव्हा तेथील कुरकुर हा बिघाड समजू नये.

हा गिअरबॉक्स गाडीच्या आतून निघतो. बॅटरीची तार सोडवून सीट आणि सीटांमधले गिअरबॉक्सवरचे आवरण काढावे, प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) वेगळा करावा, इंजिनाला खालून जॅकचा आधार द्यावा आणि दोन माणसांनी गिअरबॉक्स सरळ मागे ओढावा. त्याचे वजन इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नये, नाहीतर क्लच प्लेट वाकते. ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळून घ्यावे: पितळी भुकटी दिसली तर ती सिंक्रो रिंगांची, पोलादी कपचे दिसले तर ते बेअरिंगचे किंवा दातांचे.

लेशाफ्ट बाहेर ढकलला की गिअरसंच तळाशी बसतो आणि मेनशाफ्ट निघायला जागा होते. शाफ्टच्या ज्या टोकाभोवती निडल रोलर, म्हणजे बेअरिंगच्या सुईसारख्या बारीक कांड्या, फिरतात ते टोक उन्हात फिरवून पाहावे. तेथील कठीण थर उडून बारीक खड्डे पडलेले असतील, किंवा नख अडकेल अशी पायरी जाणवली, तर शाफ्ट आणि सर्व निडल रोलर बदलावेत. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत यंत्रमागांची कामे करणाऱ्या टर्नरांचा हात फार सफाईदार असतो. त्यांच्याकडून पुलर (बेअरिंग ओढून काढायचे हत्यार) आणि डमी शाफ्ट (जोडणीपुरता वापरायचा तात्पुरता दांडा) जरूर करून घ्यावा, पण लेशाफ्ट लेथवर घासून ‘चालवून’ घेण्याचा सल्ला मानू नये, कारण वरचा कठीण थर गेला की खालचे नरम पोलाद फार काळ टिकत नाही. बॉल बेअरिंगचा क्रमांक रिंगवर कोरलेला असतो. तो टिपून बाजारात विचारल्यास बेअरिंग बहुधा मिळते.

सिंक्रो हब (मेनशाफ्टवरचा, सिंक्रो रिंगेशेजारचा मधला भाग) फडक्यात गुंडाळूनच खोलावा, अन्यथा स्प्रिंग आणि गोळ्या शेडभर उडतात. हब आणि त्यावर सरकणारी स्लीव्ह यांची जोडी खुणा करून एकत्र ठेवावी. रिंग गिअरच्या कोनावर, म्हणजे शंकूसारख्या निमुळत्या भागावर, दाबून दोघांमधील फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) सगळीकडून मोजावी आणि नव्या रिंगच्या फटीशी ताडून पाहावी. फट जवळजवळ संपली असेल तर रिंग कोनाला पकडतच नाही. मेनशाफ्टवरची सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) मोठी हट्टी असते. ती निघाली की पुन्हा वापरू नये.

जोडणीत खरी कसोटी निडल रोलर बसवण्याची आहे. डमी शाफ्ट लेशाफ्टपेक्षा किंचित बारीक आणि दोन्ही टोकांच्या थ्रस्ट वॉशरांसकट (टेकण देणाऱ्या चकत्यांसकट) गिअरसंचाएवढ्याच लांबीचा असावा. तो आत ठेवून त्याच्याभोवती एकेक सुई ग्रीसने चिकटवावी आणि शेवटी खरा शाफ्ट मागून सरकवत डमी बाहेर ढकलावा. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी ग्रीस पातळ होऊन सुया ओघळतात, म्हणून हे काम सकाळी उरकावे. आपला सोलापुरी टॉवेलही येथे दूर ठेवलेला बरा. त्याची लव बेअरिंगमध्ये अडकते. बेअरिंग शाफ्टवर चढवताना जोर फक्त आतल्या रिंगवर द्यावा. सिलेक्टरच्या, म्हणजे गिअर निवडणाऱ्या, दांड्यांमधली इंटरलॉकची (दोन गिअर एकदम पडू न देणारी) बारीक सामग्री विसरली तर दोन गिअर एकदम पडून गिअरबॉक्स जाम होतो, म्हणून गिअरबॉक्सचे वरचे झाकण बसवल्यावर टेबलावरच हाताने चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहावेत.

ऑइल ०.८५ लिटर लागते. ते जीएल-४ (गिअर ऑइलची एक प्रत) दर्जाचे घ्यावे. डिफरन्शियलसाठी मिळणारे जीएल-५ पितळी रिंगांना मारक ठरू शकते. चाचणीसाठी तुळजापूरचा घाट उत्तम. चढताना तिसऱ्यात घरघर ऐकावी. उतरताना त्याच गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून द्यावा. गिअरचा दांडा आपोआप न्यूट्रलला आला तर प्रथम झाकणातील सिलेक्टरच्या स्प्रिंगा तपासाव्यात, कारण त्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागत नाही. त्या ठीक निघाल्या तरच हब आणि मेनशाफ्टवरील गिअरांची आडवी ढिलाई पाहावी. पहिले ५०० किलोमीटर झाल्यावर ऑइल बदलून ते पुन्हा पांढऱ्या फडक्यातून गाळावे.