सेमी-ऑटोवर आकडा छापण्याआधी ओडी बघा: बायोकेमिस्ट्रीत या चुका टाळा

कावीळ झालेल्या एका तरुणाचं सीरम (गोठलेल्या रक्तातून वेगळा होणारा द्रव) पिवळंजर्द होतं आणि सेमी-ऑटोने, म्हणजे लॅबमधल्या अर्धस्वयंचलित बायोकेमिस्ट्री मशीनने, एसजीपीटी (यकृतातलं एन्झाइम) दाखवला ३८. अगदी नॉर्मल. शिकाऊ मुलीने आकडा रजिस्टरमध्ये उतरवायलाही घेतला होता. मी तिला थांबवून स्क्रीनवरची ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, द्रवाने किती उजेड अडवला याचं माप) दाखवली. त्या किटच्या रीएजंटची (सीरममध्ये मिसळायच्या रसायनाची) ओडी एरवी १.६ च्या आसपास असायची. इथे वाचन सुरू होतानाच ती ०.३ वर आलेली.

एसजीपीटीच्या रीएजंटमध्ये एनएडीएच नावाचा पदार्थ असतो. तो ३४० नॅनोमीटरचा उजेड शोषतो, आणि सीरममध्ये एन्झाइम जितकं जास्त तितका तो भराभर संपतो. त्या नमुन्यात एन्झाइम इतकं होतं, की सुरुवातीच्या एका मिनिटाच्या थांब्यातच सगळं एनएडीएच खलास झालं. मशीनने मोजायला घेतलं तेव्हा मोजण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एक भाग सीरम आणि नऊ भाग नॉर्मल सलाईन असं डायल्युशन करून पुन्हा लावलं, उत्तराला दहाने गुणलं. आकडा दोन हजारांच्या घरात गेला.

मशीनला फक्त उजेड कळतो: किती आत गेला आणि किती पार झाला. बाकी सगळं, म्हणजे फॅक्टर (ओडीवरून उत्तर काढायचा गुणक), वेळ, फिल्टर (कुठल्या तरंगलांबीचा उजेड वापरायचा ते ठरवणारा), आपण त्याला सांगितलेलं असतं. म्हणून प्रत्येक नव्या टेक्निशियनला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो, की उत्तर वाचण्याआधी ओडी वाचायची आणि ओडी वाचण्याआधी नळी डोळ्यांनी बघायची.

ओडी फार वर गेली तर

ओडी १ म्हणजे १० टक्के उजेड पार झाला, २ म्हणजे १ टक्का, ३ म्हणजे जेमतेम ०.१ टक्का. इतक्या कमी उजेडात मशीनमधला भरकटलेला उजेडही मोजला जातो. तो एक टक्का जरी असला तरी खरी २ असलेली ओडी १.७ दिसते आणि पेशंटची साखर आहे त्यापेक्षा कमी येते. ४०० च्या वरच्या ग्लुकोजची नळी गडद गुलाबी दिसत असेल तर किटच्या इन्सर्टमधली (सोबतच्या माहितीपत्रकातली) लिनिअरिटी, म्हणजे किती आकड्यापर्यंत उत्तर भरवशाचं आहे ती मर्यादा, बघा. आकडा तिच्या बाहेर असेल तर सीरम पातळ करून पुन्हा लावा. तयार झालेल्या रंगातच पाणी घालून वाचायचा मोह होतो. ते करू नका, कारण रीएजंट आधीच कमी पडलेलं असेल तर रंग पातळ करून ते भरून निघत नाही.

फॅक्टर जुना, किट नवं

ही चूक दिसत नाही, म्हणून जास्त घातक. हजार मायक्रोलिटर रीएजंटला शंभर सीरम असेल तर एसजीपीटीचा फॅक्टर १७६८ येतो. सीरम पन्नास असेल तर ३३७६. काही कंपन्या एनएडीएचच्या शोषणाचा थोडा वेगळा स्थिरांक धरून १७४६ देतात, तोही चालतो. पण पन्नासवालं किट आणून जुनाच फॅक्टर ठेवला तर प्रत्येक पेशंटचा रिपोर्ट जवळपास निम्मा जातो, आणि त्या दिवशी कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेला नमुना) लावला नसेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. खोका बदलला की इन्सर्ट नव्याने वाचा, ब्रँड तोच असला तरीही.

गार रीएजंट, उशिरा लावलेली नळी

फ्रिजमधून काढलेलं रीएजंट लगेच वापरलं तर दोन गोष्टी होतात. क्युव्हेट (मोजणीची छोटी पारदर्शक नळी) वापरत असाल तर तिच्या भिंतीवर दव धरतं आणि ओडी उगाच वाढते. शिवाय ३७ अंशांवर व्हायची प्रक्रिया मंद चालते. क्रिएटिनिनला (मूत्रपिंडाची टेस्ट, जाफे पद्धतीने) वेळ आणि तापमान दोन्ही सांभाळावं लागतं. चार नळ्यांत सीरम घालून मग एकेक मशीनला लावत बसलात तर चौथ्या नळीतली प्रक्रिया निम्मी होऊन गेलेली असते. कायनेटिक टेस्टला, म्हणजे जिथे ओडी बदलण्याचा वेग मोजतात तिथे, एक नळी, एक मिक्स, लगेच ॲस्पिरेट (मशीनमध्ये ओढणं).

सीरमकडे बघा

दुधासारखं सीरम उजेड विखुरतं, म्हणून एंड पॉइंट टेस्टचा (प्रक्रिया पूर्ण झाल्यावर एकदाच वाचायच्या टेस्टचा) आकडा फुगतो. त्याच प्रमाणात सीरम आणि रीएजंटऐवजी सलाईन घेऊन सॅम्पल ब्लँक वाचा आणि त्याची ओडी वजा करा. हिमोलिसिस झालेल्या (तांबड्या पेशी फुटलेल्या) नमुन्यात त्या पेशींतली एसजीओटी आणि एलडीएच ही एन्झाइम्स सीरममध्ये आलेली असतात. तिथे ब्लँक उपयोगाचा नाही, नमुनाच पुन्हा मागवा. बिलिरुबिन (काविळीतला पिवळा रंग) बरंच असलेल्या सीरममध्ये जाफेचं क्रिएटिनिन कमी येतं, हेही लक्षात असू द्या.

नवजात बाळाची नळी खिडकीजवळ ठेवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. उजेडाने बिलिरुबिन नष्ट होतं. फोटोथेरपीच्या निळ्या दिव्याखाली बाळाच्या अंगात तेच घडवून आणतात. नळीत तेच घडलं तर आकडा खाली येतो आणि उपचाराला उशीर होतो. रक्त काढल्या काढल्या नळीला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि टेस्ट लवकर लावा.

ओडी नाचत असेल

आधी बुडबुडा शोधा. मग फ्लो सेल (मशीनच्या आतली, नमुना ज्यात वाचला जातो ती छोटी पेटी): तिच्यावर प्रोटीनचा थर बसला की डिस्टिल्ड वॉटरचं वाचनसुद्धा शून्यावर येत नाही. मशीनच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्लिनिंग सोल्युशनने धुवा आणि पुढे पुष्कळ डिस्टिल्ड वॉटर ओढा.

तरीही ३४० च्या फिल्टरवरच गडबड आणि ५०५, ५४६ ला सगळं ठीक, तर संशय दिव्यावर घ्या. हॅलोजन दिवा ३४० ला मुळातच कमी उजेड देतो, म्हणून तो थकला की एसजीपीटी आणि युरिया आधी बिघडतात. कोकणातल्या पावसाळ्यात फिल्टरवर बुरशीही धरते. डाग दिसले तर घासू नका, फिल्टर बदलून घ्या. नवा दिवा काचेला बोट न लावता, स्वच्छ कापडात धरून बसवा, पंधरा मिनिटं तापू द्या, कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या नमुन्याने मशीनचं माप जुळवणं) करा आणि नॉर्मल व वाढलेला असे दोन्ही कंट्रोल लावा. दिवा बदलल्याची तारीख मशीनवर चिकटवा. त्यानंतरच पेशंटची पहिली नळी.