उन्हाळ्यात हवा कमी ठेवता? टायरच्या बाबतीत या चुका टाळा

मे महिना लागला की नातेवाइकांचे ठरलेले फोन सुरू होतात. "लग्नाला निघालोय, टायरात हवा किती ठेवू?" मी विचारतो, "दारावर किती लिहिलंय?" मग पलीकडे शांतता. गाडी घेऊन चार वर्षं झालेली असतात, सीट कव्हरं बदलून झालेली असतात, मागच्या काचेवर पोरांची नावंही चिकटलेली असतात. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर दिसणारा स्टिकर मात्र कुणी वाचलेला नसतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांत किती हवा हवी ते त्यावर पीएसआयमध्ये छापलेलं असतं. (पीएसआय म्हटलं की आपल्याला आधी फौजदार आठवतो, पण इथे हवेचा दाब मोजायचाय.)

टायरवरचा आकडा बघून हवा भरणं

ज्यांना वाचायची हौस असते ते नेमके चुकीच्या जागी वाचतात. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत ४४ किंवा ५१ पीएसआय असं काहीतरी उठवलेलं असतं. तो त्या टायरचा कमाल दाब, तुमच्या गाडीचा नव्हे. एकाच मापाचा टायर हॅचबॅकलाही बसतो आणि सेडानलाही. तुमच्या गाडीचं वजन टायर बनवणाऱ्याला काय ठाऊक?

आमच्या शेजाऱ्यांनी चारही चाकांत ४४ भरून घेतली, "ॲव्हरेज वाढतं" म्हणून. वाढलंही असेल चिमूटभर. पण वर्षभरात टायर मधोमध गुळगुळीत, कडांची नक्षी नवीकोरी. जास्त हवेने टायर मध्ये फुगतो आणि रस्त्याला कमी टेकतो, म्हणून असं होतं. हवा कमी असली की उलट, दोन्ही कडा झिजतात. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानेही टायर बाद. ॲव्हरेजमध्ये वाचवलेले पैसे त्यांनी टायरवाल्याला नेऊन दिले, वर थोडे जास्तच.

आणि हो, जुन्या गाडीचा आकडा नव्या गाडीला लावू नका. पंपावरचा पोरगा "३५ टाकू?" म्हणतो म्हणूनही टाकू नका. तो सगळ्यांनाच ३५ विचारतो.

तापलेल्या टायरची हवा सोडणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण हिची किंमत मी स्वतः भरली आहे.

मे महिन्यात आम्ही पाच जण संभाजीनगरहून नागपूरला लग्नाला निघालो. डिक्की आहेराच्या पिशव्यांनी गच्च. समृद्धीला लागलो, जालन्याजवळ बाहेर पडून एका पंपावर चहाला थांबलो. मी पैसे देत होतो तेवढ्यात मेव्हण्याने हवेच्या मशीनजवळ गाडी नेली. स्टिकरवर ३३, मशीन दाखवतंय ३९. "दाजी, सहा पॉइंट जास्त भरलीय कुणीतरी! आणि उन्हाळ्यात तर कमीच ठेवायची असते, नाहीतर टायर फुटतो." चारही चाकं ३० वर आणून तो मोकळा. मीही तेव्हा मान डोलावली, हे कबूल करतो.

मेहकरच्या अलीकडे, ताशी ११०च्या वेगात, मागून फडफड आवाज आला आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. नशीब म्हणजे ब्रेक जोरात मारला नाही, स्टिअरिंग घट्ट धरून गाडी हळूहळू कडेला घेतली. मागचं डावं चाक गेलं होतं. नंतर टायरवाल्याने तो टायर रिमवरून काढला तेव्हा आतून काळी रबराची भुकटी पडली, वाटीभर. "हवा कमी ठेवून पळवलीत," तो म्हणाला. खिळा नव्हता, काच नव्हती.

त्यामागचं गणित सोपं आहे. गाडी पळाली की टायर तापतो, आतली हवा तापते आणि दाब वाढतो. बाहेरच्या किंवा आतल्या तापमानात दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय धरा. स्टिकरवरचा आकडा असतो तो गार टायरचा, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असताना किंवा जेमतेम एक-दोन किलोमीटर चालल्यावर. तेव्हा ३३चे ३९ होणं हे कुणाचं पाप नव्हतं, तसंच व्हायला हवं होतं. गरम असताना ३० वर आणलेला टायर गार झाल्यावर मोजला असता तर २५च्या आसपास निघाला असता. त्यात पाच माणसं आणि सामान! आमच्याच स्टिकरवर पूर्ण भारासाठी मागच्या चाकांना ३६ लिहिलंय. म्हणजे तब्बल अकराने कमी.

कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला खाली दबतो आणि परत उठतो, बाजूची भिंत वाकत राहते, आणि त्या वाकण्यानेच तो आणखी तापतो. फुटतो तो या उष्णतेने. "उन्हाळ्यात हवा कमी" या सल्ल्याने ज्याची भीती असते तेच ओढवून घेतलं जातं. उन्हाळा असो की हिवाळा, आकडा स्टिकरचाच. वेगळं काही करायचंच असेल तर समृद्धीवर ताशी १२०ची मर्यादा आहे म्हणून १२०नेच जायचा हट्ट सोडा.

मग वाटेत हवा कमी वाटली तर?

मी असं करतो: गरम टायर स्टिकरच्या आकड्याच्याही खाली दाखवत असेल, तर आकड्यापेक्षा तीन-चार जास्त भरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार टायरवर नीट करतो. जास्त दाखवत असेल तर हात लावत नाही. आणि एकच चाक बाकी तिघांपेक्षा बरंच खाली असेल तर हवा भरून पुढे न जाता पंक्चर बघून घेतो.

त्यासाठी स्वतःचा मीटर लागतो, आणि इथेच सगळ्यांचं घोडं अडतं. दहा-बारा लाखांची गाडी घेणारा माणूस काही शेकड्यांच्या मीटरला "पंपावर असतंच की" म्हणतो. पंपावर असतं, हवा फुकट देणं पंपाला बंधनकारकही आहे. पण तिथे पोचेपर्यंत टायर तापलेला असतो, आणि तिथला मीटर दिवसभरात किती वेळा आपटलाय ते तुम्हीच बघा. माझी सवय पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी, चहाच्या आधी. चार चाकांना पाच मिनिटं. धडधाकट टायरही महिन्याला एक-दोन पीएसआय गमावतोच.

किरकोळ, पण रोजच्या

टायरात नायट्रोजन भरणं वाईट नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. खरी गंमत म्हणजे "साधी हवा मिसळायची नाही" म्हणून २४ पीएसआयवर शंभर किलोमीटर जाणारे लोक. मिसळा, काही होत नाही.

चौघे जण आणि सामान असेल तर स्टिकरवरचा दुसरा, भाराचा आकडा वापरा. तो शोभेला नाही.

डॅशबोर्डवर टायरचा दिवा नाही म्हणजे हवा ठीक, असं समजू नका. काही गाड्यांत तो फक्त चाकांच्या फिरण्याची एकमेकांशी तुलना करतो. चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर त्याला कळणं अवघड. हवा भरल्यावर तो रीसेटही करावा लागतो.

पायाने लाथ मारून हवा कळत नाही. ट्यूबलेस टायर २२ वरही ऐटीत उभा दिसतो.

वॉल्व्हची टोपी हरवली तर दुसरी बसवा. चिखल आत गेला की पिन गळते.

स्टेपनी

मेहकरच्या त्या उन्हात स्टेपनी काढली आणि मीटर लावला तर १४. दोन वर्षांत तिला कुणी विचारलंच नव्हतं. मदतीची गाडी कॉम्प्रेसर घेऊन येईपर्यंत दीड तास गेला, आणि त्या दीड तासात मेव्हणा एक शब्द बोलला नाही. आता मी स्टेपनीत आकड्यापेक्षा तीन-चार जास्तच ठेवतो. लावायच्या वेळी कमी करता येते, रस्त्यात वाढवता येत नाही. तुमची स्टेपनी बारीक चाकाची असेल तर तिचा आकडा वेगळा असतो, बऱ्याचदा ६०, आणि तिच्यावर ८०च्या पुढे जायचं नसतं. ज्यांच्या गाडीत स्टेपनीच नाही, फक्त पंक्चर किट आहे, त्यांनी डिक्कीतली ती द्रवाची बाटली काढून बघा. तिच्यावर एक्स्पायरी असते.