विम भांडी घासायचं की कोड लिहायचं? सारख्या नावांचा गोंधळ निस्तरायची पद्धत

वर्क फ्रॉम होम चालू होतं तेव्हा टीममधल्या नव्या पोराला कॉलवर सांगत होतो, "अरे विम असं बंद होत नाही, आधी शांतपणे बाहेर ये", तर आईने आतून आवाज दिला, "सिंकखाली नवा बार आहे रे, तो घे!" ती चुकली असं म्हणवत नाही, लिव्हरचं विम 1904 पासून बाजारात आहे, आणि ब्राम मोलेनार यांचा विम एडिटर, म्हणजे कोड लिहायचा प्रोग्रॅम, आला 1991 मध्ये, म्हणजे मान आईच्याच विमचा.

तर आधी विम एडिटरमध्ये अडकलेल्यांची सुटका करू. एस्केप दाबा, घाबरला असाल तर दोनदा दाबा, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह टाईप करून एंटर मारा, काहीही सेव्ह न होता बाहेर याल. लिहिलेलं ठेवायचं असेल तर कोलन, डब्ल्यू, क्यू. स्क्रीनवर नुसतं क्यू क्यू क्यू उमटत असेल तर तुम्ही अजून इन्सर्ट मोडमध्येच, म्हणजे मजकूर टाईप करायच्या अवस्थेतच आहात, एस्केप दाबलेलंच नाही. लाज वाटून घेऊ नका, स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर विममधून बाहेर कसं पडायचं हा प्रश्न 2017 पर्यंत 10 लाखांहून जास्त वेळा बघितला गेला होता.

आता सर्च. नुसतं नाव टाकून शोधू नका, बरोबर त्या धंद्यातला एक शब्द जोडा, विम एडिटर, विम प्लगिन, असं. तरी साबण दिसत असेल तर शेवटी मायनसचं चिन्ह आणि त्याला चिकटून डिशवॉश लिहा, मध्ये स्पेस नको, स्पेस दिली की मायनसचा उपयोग होत नाही.

खरा वैताग व्हीलचा. आपल्याकडे व्हील म्हणजे कपड्यांची पावडर, निर्माला टक्कर द्यायला आणलेली, आणि पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत व्हील म्हणजे आधीच बांधून ठेवलेलं पॅकेज, कोडचा तयार गठ्ठा (हे नाव चीजच्या गोल चकतीवरून आलंय, कारण पायथॉनच्या पॅकेजांच्या दुकानाला पूर्वी चीज शॉप म्हणायचे, म्हणजे साबण नाही तर निदान खायची वस्तू तरी). 'फेल्ड बिल्डिंग व्हील' असा लाल एरर आला की बहुतेक वेळा तुमच्या पायथॉन व्हर्जनसाठी तयार व्हील मिळालेलं नसतं, म्हणून पिप (पॅकेज बसवणारं टूल) ते घरीच बांधायला बसतं आणि कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) नसला की रडतं. आधी पिप अपडेट करा, मग एखादं व्हर्जन जुनं पायथॉन वापरून बघा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं, नाहीतर कंपायलर टाका. सर्च करताना एररची ती ओळ अवतरणचिन्हांत टाका म्हणजे पावडरचे भाव दिसणार नाहीत.

अमेरिकेतही हेच. तिकडे एजॅक्स ही 1947 पासूनची घासायची पावडर, आणि 2005 मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी पान रिफ्रेश न करता डेटा आणायच्या पद्धतीला तेच नाव दिलं. पुढच्या वर्षी अ‍ॅलेक्स रसेल यांनी सर्व्हरने स्वतःहून डेटा ढकलायच्या पद्धतीला कॉमेट म्हटलं, कॉमेट ही एजॅक्सच्या शेजारच्या फळीवरची पावडर, हे मुद्दाम केलं होतं. मग 2015 मध्ये गूगलने छोट्या उपकरणांसाठी ब्रिलो नावाची ऑपरेटिंग सिस्टिम काढली, तिकडे ब्रिलो म्हणजे साबण लावलेली तारेची घासणी, म्हणजे घासून घासून हलकं केलेलं अँड्रॉइड, पुढे त्याचं नाव अँड्रॉइड थिंग्ज झालं.

स्वतःच्या टूलला नाव द्यायचं असेल तर आधी वाण्याच्या दुकानात एक चक्कर मारा. मी मारली नाही. लॉग, म्हणजे प्रोग्रॅमच्या जुन्या नोंदी, साफ करणाऱ्या स्क्रिप्टचं नाव ठेवलं रिन, आणि परवा टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, स्टँडअपमध्ये, म्हणालो, "काल रात्री रिन चाललंच नाही, सगळा कचरा तसाच राहिला."

आतून लगेच आवाज, "मग टाईड आण!"