जगभरातली नाताळची गाणी कशी शोधावीत

नुसतं ‘ख्रिसमस साँग’ टाइप केलं की दरवर्षीची तीच ठरावीक इंग्रजी गाणी समोर येतात. शब्दच इंग्रजी दिला, तर दुसरं काय मिळणार? म्हणून आधी त्या भाषेत या गाण्यांना काय म्हणतात ते शोधा. स्पॅनिशमध्ये व्हियान्सिको, पोलिशमध्ये कोलेंडा, ग्रीकमध्ये कालांदा, प्वेर्तो रिकोत आगिनाल्दो.

हा शब्द मूळ लिपीत हवा. त्यासाठी विकिपीडियावर ख्रिसमस कॅरोलचा इंग्रजी लेख उघडा, शीर्षकाजवळच्या यादीतून हवी ती भाषा निवडा आणि नव्या पानाचं शीर्षक कॉपी करून यूट्यूबवर पेस्ट करा. हे सगळं ब्राउझरच्या खासगी विंडोत करा, नाहीतर तुमच्या जुन्या आवडीनिवडी पाहून यूट्यूब पुन्हा इंग्रजीकडेच ओढत नेतं. गोव्यातल्या कोकणी गाण्यांसाठी मात्र उलट करायचं: त्यांची नावं बरीचशी रोमी, म्हणजे रोमन लिपीत असतात, देवनागरीत शोधून हाती फार लागत नाही.

सुरुवातीला भाषांतरंच भरपूर मिळतील. ‘श्टिले नाख्ट’ (इंग्रजीत ‘सायलेंट नाइट’) हे जर्मन गाणं १८१८ साली २४ डिसेंबरला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फला पहिल्यांदा गायलं गेलं. आज ते शेकडो भाषांत आहे. त्यामुळे भाषा अनोळखी, पण चाल ओळखीची, असं झालं की गीतकार, संगीतकार आणि साल तपासा.

कधी कधी हा तपास भलतीकडेच नेतो. ‘कॅरोल ऑफ द बेल्स’ हे घंटांच्या वर्णनाचं इंग्रजी कॅरोल सगळ्यांच्या कानावरून गेलेलं असतं. त्याची चाल युक्रेनची. मिकोला लेओंतोविच यांनी लोकगीतावरून रचलेलं ‘श्चेद्रिक’ १९१६ मध्ये कीव्हला गायलं गेलं, इंग्रजी शब्द आले १९३६ मध्ये. मूळ गाण्यात घंटा नाहीतच! भिंगरी पक्षी उडत येतो आणि घरधन्याला सांगतो, बाहेर येऊन बघ, मेंढ्या व्यायल्यात. खरं तर हे नववर्षाचं गाणं. चार सुरांचा एकच तुकडा फिरत राहतो आणि त्यावर बाकीचे आवाज चढत जातात. हे ऐकायचं तर वाद्यांशिवाय गाणाऱ्या वृंदाचं ध्वनिमुद्रण निवडा. ऑर्केस्ट्रात ती गंमत बुजून जाते.

शोध २५ डिसेंबरला थांबवू नका. पोलंडमध्ये कोलेंडा गाण्याची प्रथा २ फेब्रुवारीपर्यंत चालते. सर्बिया, जॉर्जिया, इथिओपियात नाताळच ७ जानेवारीला. या दिवसांत ‘रेडिओ गार्डन’ या वेबसाइटवर पृथ्वीगोल फिरवून तिथली स्थानिक केंद्रं लावा. मोठ्या शहरांपेक्षा छोट्या गावांची केंद्रं बरी, असं आमचं मत.

गाणं आवडलं की नुसती लिंक ठेवू नका, मूळ लिपीतलं शीर्षक आणि गाणाऱ्यांचं नाव टिपून घ्या. व्हिडिओ काढून टाकले जातात. शीर्षक हाताशी असलं की त्याच गाण्याचं दुसरं ध्वनिमुद्रण शोधता येतं.